प्रोस्टेटचं रेडिएशन अन् सेक्स लाइफ, आधी काय काळजी घ्यावी? (नागपूर)

मानेवाडा_भाऊ:
नमस्कार मंडळी. वय ६१, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, बाहेर पसरला नाही, ऑपरेशनऐवजी रेडिएशन ठरलं, पुढच्या आठवड्यात प्लॅनिंगचा सीटी आहे. लघवी-संडासच्या त्रासाचं डॉक्टरांनी नीट सांगितलं पण दुसरी गोष्ट विचारताच आली नाही, मुलगा अन् सून बाजूलाच बसून होते. बायको अन् मी अजून जवळ असतो, ते संपू नये असं दोघांनाही मनापासून वाटते. काही करता येते का? शुगर आहे, खर्रा खातो.

वर्धारोडकर:
भाऊ, यात लाजायचं काहून? माझं झालेलं आहे म्हणून सांगतो. ऑपरेशननंतर फरक लगेच पडते, रेडिएशनमध्ये ताठरता हळूहळू कमी होते, दोन-तीन वर्षं लागतात, कारण तिकडच्या बारीक रक्तवाहिन्या आखडत जातात. म्हणून सीटीच्या आधीच डॉक्टरला एकटे भेटा. लिंगाच्या मुळाशी पेनाइल बल्ब असते, त्याला डोस किती जाणार ते विचारा, अन् प्लॅनिंगला एमआरआय जोडणार का तेही, सीटीत प्रोस्टेटचं खालचं टोक नीट दिसत नाही अन् मग उगाच जास्त भाग धरला जाते. पण कॅन्सरचा डोस कमी करा असं म्हणू नका, जीव पहिले. अन् खर्रा आजच सोडा, तंबाखू अन् शुगर त्याच रक्तवाहिन्या खराब करतात, हे तरी आपल्या हातात आहे.

धंतोली_फार्मासिस्ट:
टॅडालाफिल (ताठरतेसाठीची गोळी) आधीपासून रोज घेतली तर ताठरता टिकून राहते असं लोक सांगतात. अमेरिकेत रोज ५ मिलिग्रॅम देऊन मोठी चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला, डमी गोळीपेक्षा फायदा दिसला नाही. त्रास सुरू झाल्यावर मात्र बऱ्याच जणांना गोळी लागू पडते. सॉर्बिट्रेट किंवा हृदयासाठीची कुठलीही नायट्रेटची गोळी चालू असेल तर अजिबात नाही, बीपी धोकादायक खाली जाते. अन् रेडिएशनसोबत हार्मोनचं (पुरुषी हार्मोन दाबणारं) इंजेक्शन देणार का, किती महिने, हे विचाराच, त्यानं इच्छाच जाते अन् बंद केल्यावरही परत यायला महिने लागतात.

गोपालनगरची_ताई:
दादा, बायकोच्या बाजूनं लिहून राहिली. इंजेक्शन चालू होतं तेव्हा हे पाठ करून झोपायचे, मला वाटे माझंच काही चुकलं, खूप रडली मी. नंतर कळलं की हा औषधाचा परिणाम. वीर्यही जवळपास बंद होते, तेही आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, हे तर घाबरूनच गेले होते. म्हणून वहिनींना सोबत न्या, दोघांनी मिळून ऐका. आम्हाला पुढे ताठरता आणणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचा उपयोग झाला, अन् नुसतं जवळ झोपणं आम्ही कधी सोडलं नाही.

मानेवाडा_भाऊ:
ताई, हे वाचून बायकोलाही दाखवलं, ती येते म्हणाली. फार्मासिस्ट साहेब, लघवीसाठी टॅम्सुलोसिन चालू आहे, त्यासोबत ती गोळी जमते का?

धंतोली_फार्मासिस्ट:
दोन्हींनी बीपी उतरते, चक्कर येऊ शकते. डॉक्टर कमी डोसपासून सुरू करतात, स्वतःहून घेऊ नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.