व्हायोलिन-पियानोच्या मैफलीत पियानोला ‘साथ’ म्हणावे काय?

गिरगावकर

गेल्या शनिवारी दक्षिण मुंबईतील एका लहान सभागृहात व्हायोलिन आणि पियानोची मैफल ऐकली. पूर्वार्धात मोत्झार्टचा ई मायनरमधील सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना (सूचीतील क्रमांक के. ३०४), आणि बेथोवनचा ओपस ४७, म्हणजे ‘क्रॉइत्झर’, तर मध्यंतरानंतर सेझार फ्रांकचा ए मेजरमधील सोनाटा असा कार्यक्रम होता. दोघेही कलाकार तयारीचे होते, त्याबद्दल दुमत नाही. तरीही मी खट्टू होऊन घरी आलो. क्रॉइत्झरची संथ सुरुवात संपून प्रेस्टो, म्हणजे अतिद्रुत भाग, लागला, तेव्हा पहिल्या रांगेतून मला व्हायोलिनवादकाचा कोपर वेगाने हलताना दिसत होता, गजाचे दोन-तीन केस तुटून लोंबताना दिसत होते, आणि कानावर मात्र पियानोच येत होता. पियानोचे झाकण पूर्ण उघडे ठेवले होते.

आपल्याकडे पं. गोविंदराव पटवर्धनांनी छोटा गंधर्वांच्या गाण्याला पेटीची साथ केली, तेव्हा त्यांच्या बोटांत काय ताकद आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. तरीही गाणे गवयाचेच राहत असे. हेच भान पियानोवादिकेने राखायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. मैफल व्हायोलिनची होती. झाकण अर्धे ठेवले असते तर काय बिघडले असते?

माटुंग्याची मास्तरीण

गिरगावकर, आपल्या युक्तिवादाचा पायाच मला मान्य नाही. मैफल ‘व्हायोलिनची’ होती हे आपण कशावरून ठरवलेत? क्रॉइत्झर १८०५ मध्ये छापला गेला, तेव्हा मुखपृष्ठावर आधी पियानोचे नाव होते आणि मग ‘ओब्लिगातो’ व्हायोलिनचे, म्हणजे जे वगळता येणार नाही अशा व्हायोलिनचे. आणि ही रचना जवळजवळ कंचेर्तोच्या, म्हणजे वाद्यवृंदासमोर एकल वाद्य खुलवणाऱ्या रचनेच्या, थाटात लिहिली आहे, असे पुढे बजावलेले होते. मोत्झार्टच्या काळात तर अशा सोनाटांवर ‘व्हायोलिनच्या साथीसह’ असे सर्रास छापत. म्हणजे साथीदार कोण, हा प्रश्न विचारायचाच असेल तर उत्तर आपल्याला आवडणार नाही. ब्राम्सनेही आपल्या तिन्ही सोनाटांवर पियानोचेच नाव आधी घातले.

मुखपृष्ठ बाजूला ठेवा आणि स्वरलिपीकडे पाहा. के. ३०४ ची सुरुवात दोन्ही वाद्ये एकच धून सप्तकांच्या अंतराने एकत्र वाजवून करतात. दुसऱ्या भागातील मिन्युएट (एका नृत्याच्या चालीची धून) पियानो एकटा मांडतो आणि व्हायोलिन त्याच्या मागून येते. क्रॉइत्झरच्या मधल्या भागात एकाच धुनीची रूपांतरे आहेत; त्यांतले पहिले पियानोचे आहे, तिथे व्हायोलिन अधूनमधून केवळ हुंकार भरल्यासारखे बोलते. दुसऱ्या रूपांतरात व्हायोलिन धावते आणि पियानो हलके ठोके देत राहतो. भूमिका अशा दर मिनिटाला बदलत असतात. पेटीची साथ ही गोष्टच वेगळी. पेटीवाल्यासमोर गवयाचा पुढचा आलाप लिहून ठेवलेला नसतो.

शिवडीचा श्रोता

मास्तरीणबाईंचे पुरावे खरे आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. २४ मे १८०३ रोजी व्हिएन्नात व्हायोलिनवादक ब्रिजटॉवरबरोबर ही रचना पहिल्यांदा वाजवायला बेथोवन स्वतः बसला, तेव्हा त्याच्यासमोरचा पियानो लाकडी सांगाड्याचा, बारीक तारांचा, पाच-साडेपाच सप्तकांचा होता. आजच्या कॉन्सर्ट ग्रँड पियानोला ओतीव लोखंडाची चौकट असते आणि तिच्यावर तारांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात जातो. तेव्हाची समानता आजच्या वाद्यावर जशीच्या तशी उतरवली, तर ती पियानोचे वर्चस्व बनते. मुखपृष्ठावर आधी कोणाचे नाव आहे, यावरून सभागृहात काय ऐकू येईल हे ठरत नाही. या मुद्द्यापुरता मी गिरगावकरांच्या बाजूने आहे.

पार्ले पूर्व

व्हायोलिनही १८०३ चे राहिलेले नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. त्याची मान लांब आणि तिरपी झाली, आतली पट्टी जाड झाली, आणि आतड्याच्या वरच्या तारेच्या जागी विसाव्या शतकात पोलादी तार आली. दोघांनीही आवाज वाढवला. पियानोने जास्त वाढवला, एवढे मी मान्य करतो.

झाकणाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. झाकण अर्धे केल्याने आवाज कमी होतो त्याहून अधिक तो घोंगडीखालून आल्यासारखा मिटतो, आणि त्यातला तेजस्वी भाग तेवढा जातो. तोल बोटांनी आणि पेडलने सांभाळायचा असतो. या मैफलींत माइक नसतो, हेही लक्षात घ्या. नरिमन पॉइंटचे टाटा थिएटर १९८० मध्ये उघडले, तेही माइकशिवाय ऐकता यावे याच विचाराने बांधलेले आहे. तिथे बटण फिरवून पियानो कमी करणारा कोणी नसतो, सगळी जबाबदारी वाजवणाऱ्या दोघांची असते.

मीही त्याच कार्यक्रमाला होतो. मध्यंतरापूर्वी मीसुद्धा पुढेच बसलो होतो आणि माझीही तक्रार आपल्यासारखीच होती. नंतर शेवटून दुसऱ्या रांगेत गेलो आणि फ्रांक अगदी निराळा ऐकू आला. (मागे वातानुकूलन यंत्राचा गुरगुराट होता, तो वेगळा विषय.)

काळी पाच

मी गेली बावीस वर्षे पेटीची साथ करतो, म्हणून या चर्चेतील एका शब्दावर अडलो. गिरगावकर ‘साथ’ म्हणताना थोडे खालच्या पायरीवर बसवतात असे मला वाटले, कदाचित त्यांचा तसा हेतू नसेल. याच मैफलीच्या जाहिरातीत व्हायोलिनवादकाचे नाव मोठ्या अक्षरांत होते आणि पियानोवादिकेचे त्याच्या निम्म्या आकारात, छायाचित्राशिवाय. आमच्या वाट्याला हे रोजच येते. पण जिथे संगीतकारानेच दोघांना सारखे लिहिले आहे, तिथेही असे व्हावे, याचे वाईट वाटले.

गंमत अशी की हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनकडेही पुष्कळ काळ साथीचे वाद्य म्हणूनच पाहिले गेले, आणि कर्नाटक मैफलीत आजही ते गायकाच्या शेजारी साथीलाच बसते. पं. गजाननबुवा जोशी, पं. व्ही. जी. जोग, पं. डी. के. दातार यांनी आपल्याकडे त्याला एकलवादनाचे आसन मिळवून दिले. ज्या वाद्याने स्वतः हा प्रवास केला, त्याच्या चाहत्यांनी दुसऱ्या वाद्याला साथीत ढकलावे?

आणखी एक गोष्ट. सुरुवातीला पियानोवादिकेने एक पट्टी दाबली आणि व्हायोलिनवादकाने त्या स्वराला आपल्या तारा जुळवल्या, हे सर्वांनी पाहिले असेल. पियानोचे स्वर जिथल्या तिथे खिळलेले असतात. सरकणारी बोटे व्हायोलिनवाल्याची. मग रात्रभर स्वराच्या बाबतीत जुळवून कोण घेत होते?

गिरगावकर

‘काळी पाच’ यांच्या मनाला लागले असेल तर क्षमस्व. माझा तसा हेतू नव्हता. ‘मैफल व्हायोलिनची होती’ हे वाक्य मी मागे घेतो. जाहिरातीतील मोठ्या अक्षरांनी माझीही फसगत केली, हे कबूल केले पाहिजे.

पण तक्रार मागे घेत नाही. सोनाटा दोघांचा असेल, तर दोघेही ऐकू आले पाहिजेत. समान हक्काचा दाखला मुखपृष्ठावर असून भागत नाही. मास्तरीणबाई म्हणतात ते दुसरे रूपांतर, ज्यात व्हायोलिन धावते आणि पियानो ‘हलके’ ठोके देतो, ते त्या रात्री हलके नव्हते. फ्रांकच्या दुसऱ्या भागातही तेच झाले. शेवटच्या भागात मात्र पियानो धून घेऊन निघतो आणि व्हायोलिन तीच धून एक माप (तालाचा एक खंड) मागून घेऊन येते, तेव्हा मी तक्रार विसरलो होतो. तिथे कोण कोणाच्या मागे आहे हे स्वच्छ ऐकू येत होते आणि मागे असण्यात काही कमीपणाही वाटत नव्हता. म्हणजे पियानोवादिकेला ते साधत होते. मग प्रेस्टोमध्ये का साधले नाही?

माटुंग्याची मास्तरीण

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला माझ्याकडे बचाव नाही. क्रॉइत्झरच्या प्रेस्टोत डाव्या हाताचा जोर आवरणे हे भल्याभल्यांना जड जाते. मी विद्यार्थ्यांची तालीम घेते तेव्हा एकाला सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीवर बसवते आणि व्हायोलिन बुडाले की हात वर करायला सांगते. पण रिकाम्या सभागृहात ठरवलेला तोल माणसे भरल्यावर बदलतो, हेही दर वेळी होतेच.

पार्ले पूर्व

गिरगावकर, पुढच्या वेळी शेवटून तिसऱ्या रांगेत भेटू. जागांना क्रमांक नसतात, त्यामुळे अर्धा तास आधी या. वातानुकूलन यंत्र उजवीकडे आहे, म्हणून डावीकडच्या खुर्च्या धरा.