पहिल्याच कार्यशाळेत केलेलं पॉलिमर क्लेचं पान तुटलं. नेमकं कुठे बिनसलं?

शिकाऊ हात

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी पॉलिमर क्लेची, म्हणजे हातानं मळून आकार देऊन ओव्हनमध्ये भाजायच्या रंगीत क्लेची, पहिली कार्यशाळा केली. चार तासांची होती, आम्ही नऊ जण होतो. माझी एकोणीस वर्षं हिशेबाच्या कामात गेली. शाळा सुटल्यापासून हातानं काही घडवलंच नव्हतं, म्हणून गळ्यात घालायच्या या पानात जीव अडकलाय. सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला सांगायला सोपं जाईल.

पहिला पाऊण तास नुसतं मळण्यात गेला. पाकिटातून काढलेला ठोकळा इतका कडक होता की कोपऱ्याचे तुकडे पडत होते. तळहाताची ऊब लागली तशी ती हळूहळू वळायला लागली. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, घडी घातल्यावर वाकलेल्या जागी भेग पडली नाही की समजायचं, झाली तयार. फिकट रंग आधी मळा, गडद नंतर, असंही त्यांनी सांगितलं होतं. मी नेमकी तपकिरी आधी घेतली आणि तेच हात पांढरीला लावले. अख्खा ठोकळा मळकट झाला.

मग रंगांची छटा. हिरव्या आणि गेरूच्या रंगाचे दोन त्रिकोण तिरक्या बाजूंनी जोडून चौकोन करायचा, घडी घालायची आणि पास्ता मशीनच्या रुळांतून काढायचा. पुन्हा घडी, पुन्हा मशीन, घडीची दिशा मात्र दर वेळी तीच. सात-आठ वेळा नुसते पट्टे दिसत होते, मला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. विसाव्या वेळी क्लेचा पातळ पत्रा बाहेर आला आणि हिरवा कुठे संपतो, गेरू कुठे सुरू होतो हे बोट ठेवून सांगता येईना. मी तो किती तरी वेळ नुसता बघत बसले.

त्याच पत्र्यातून पाच सेंटिमीटरचं पान कापलं, सुईनं शिरा ओढल्या, देठाकडे दोऱ्यासाठी भोक पाडलं. मागच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा राहिला.

भाजायची वेळ आली तेव्हा हॉल रिकामा करायला जेमतेम वेळ उरला होता. सगळ्यांच्या वस्तू, जाड मणी आणि पातळ पानं, एकाच ट्रेमध्ये ठेवल्या आणि बारा मिनिटांनी काढल्या. पाकिटावर 110 अंश सेल्सियस आणि 30 मिनिटं लिहिलं होतं, ते मी घरी आल्यावर वाचलं. गार झाल्यावर पान कडक लागलं, म्हणून शंका आली नाही. मंगळवारी गळ्यात घातलं, दोरा ओढणीत अडकला आणि पान मधोमध तुटलं. तुटलेली कड खडूसारखी भुरभुरीत आहे.

माझं मळणं कमी पडलं का? पान वाचेल का? (घाईत झटपट गोंदानं चिकटवलंय.) आणि घरच्या ओव्हनमध्ये हे भाजणं सुरक्षित आहे का?

---

मणीमाळ

ताई, बारा मिनिटं वाचली आणि तिथेच उत्तर मिळालं. तुमच्या हातांचा यात दोष नाही.

हिला आपण क्ले म्हणतो खरं, पण हिच्यात माती नावालाही नसते. पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची अगदी बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारं द्रव्य आणि रंग, एवढंच असतं. म्हणून ती हवेत वाळत नाही. नुसतं पाणी उडून जायचं असतं तर आठवडाभर उघडी ठेवूनही काम भागलं असतं. उष्णता मिळाली की भुकटीचे कण ते द्रव्य शोषून फुगतात आणि एकमेकांत विरघळून एकजीव होतात. ठरलेलं तापमान वस्तूच्या गाभ्यापर्यंत पोचून तिथे काही वेळ टिकलं, तरच हे पूर्ण होतं. तुमच्या पानात कण एकमेकांना टेकले, जुळले नाहीत. खडूसारखी कड हीच त्याची खूण. पृष्ठभाग कडक लागतो आणि तिथेच नवशिका माणूस फसतो. मीही सुरुवातीचे कितीतरी मणी असेच घालवले.

एक करून बघा. त्याच क्लेची दीड मिलिमीटर जाडीची, बोटभर लांब पट्टी पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे भाजा. पूर्ण गार होऊ द्या आणि मग वाकवा. नीट भाजलेली पट्टी वाकते आणि सोडली की परत सरळ होते. काही मऊ प्रकारच्या क्ले मुळातच ठिसूळ असतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही. पण 110 अंशांवाली तुमची क्ले बहुधा वाकेल.

आणि ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर आणा. इतर हत्यारांचं नंतर बघू, हा आधी. बटणावर जो आकडा असतो तो आतला नसतो.

---

सुईदोरा

मणीमाळशी सहमत, पण मळणं पूर्ण बाजूला ठेवू नका. अर्धवट मळलेली क्ले पूर्ण भाजूनही कमजोर राहते. आणखी एक. मशीनमध्ये पत्रा घालताना घडीची बाजू आधी आत जाऊ द्या किंवा उभी ठेवा. उघडी तोंडं आधी गेली की हवा आत कोंडते, भाजताना फुगते आणि तिथे फोड येतो. तुटलेल्या कडेत बारीक पोकळी दिसते का, ते भिंगातून बघा.

पाच सेंटिमीटर लांब आणि टोकाकडे निमुळतं पान गळ्यात घालायचं असेल तर मी आत बारीक तार घालते. जोर तारेवर येतो.

---

ओव्हनवाली

पान वाचेल. ही क्ले पुन्हा पुन्हा भाजली तरी चालते, तिचा हा गुण मला फार आवडतो.

पण आधी तो गोंद काढा. झटपट गोंद ओव्हनच्या उष्णतेत टिकत नाही, सांधा सुटेल. दोन्ही कडांवरचा गोंद बारीक पॉलिशपेपरनं घासून काढा. मग कडांना द्रव पॉलिमर क्ले लावून तुकडे जुळवा. पानाच्या मागे सांध्यावरून कच्च्या क्लेचा पातळ पत्रा बसवा, त्याच्या खालीही द्रव क्लेचा हात फिरवा. आता पूर्ण वेळ भाजा. नुसती कडेला कड लावून पुन्हा भाजलंत तर धरणार नाही.

सुरक्षिततेचं सांगते. ठरलेल्या तापमानाला थोडासा वास येतो, खिडकी उघडी ठेवली की पुरे. करपली तर मात्र पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो डोळ्यांना, घशाला झोंबतो. असं झालं तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीतून बाहेर पडा. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. स्वयंपाकाचा ओव्हन वापरणार असाल तर वस्तू झाकणाच्या डब्यात किंवा फॉइलच्या तंबूत भाजा. क्लेला लावलेली सुरी, लाटणं, मशीन पुन्हा खाण्याच्या पदार्थांना लावू नका.

---

शिकाऊ हात

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी यातच गेल्या, काय काय झालं ते लिहिते.

सुईदोरा, भिंगातून पाहिलं. पोकळी नव्हती.

थर्मामीटर आणला. बटण 110 वर, वीस मिनिटं ओव्हन तापवला. दाराजवळ 92, मागच्या भिंतीशी 118. विश्वास बसेना, म्हणून जागा बदलून तीनदा पाहिलं. मग ट्रे मधल्या कप्प्यात मागे सरकवला, वर फॉइल घातली आणि काटा 110 वर स्थिरावेपर्यंत बटण हळूहळू फिरवत राहिले. बटण शेवटी 120च्या जरा पुढे गेलं.

एकाच पत्र्यातून दोन पट्ट्या कापल्या. एक बाराव्या मिनिटाला काढली, दुसरी तिसाव्या. दोन्ही तासभर गार होऊ दिल्या. पहिली वाकवायला घेतली तर कट्कन तुटली आणि कड तीच, खडूसारखी. दुसरी माझ्या तर्जनीभोवती निम्मी गुंडाळली गेली. सोडली तर सावकाश सरळ झाली. मी ती पंधरा-वीस वेळा वाकवून पाहिली असेल.

पान ओव्हनवालींनी सांगितलं तसं जोडलं. सांधा समोरून केसाएवढा दिसतो, पण तो मधल्या शिरेला लागूनच आला. मागच्या पत्र्याखाली अंगठ्याचा ठसा झाकला गेला, त्याचं वाईट वाटलं. मग नव्या पत्र्यावर मुद्दाम अंगठा टेकवला आणि तसंच भाजलं.

आता एकच विचारते. चकाकी आणायला नेलपॉलिश चालेल का? आणि फरशीच्या तुकड्यावर भाजलं म्हणून मागे एक चकचकीत डाग आलाय.

---

मणीमाळ

पंधरा वेळा वाकवलेली पट्टी वाचून फार बरं वाटलं!

नेलपॉलिश नको. काही दिवसांनी ते चिकट होतं आणि मग सुटत नाही. पाण्यात बुडवून पॉलिशपेपरनं घासा. 400 पासून सुरू करून 600, 800, 1000 असं चढत जा, मग जुन्या जीन्सच्या कापडावर घोळवा. शिरांच्या खाचांत मात्र पेपर घालू नका, त्या बुजतील. ठशालाही लावू नका. फरशीचा डाग घासल्यावर जाईल. पुढच्या वेळी फरशीवर साधा कागद ठेवून भाजा. या तापमानाला कागद जळत नाही.

उरलेली कच्ची क्ले कठीण, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका. पॉलिस्टायरीन असेल तर क्ले आणि डबी एकमेकांना चिकटतात. तळाशी त्रिकोणात 5 आकडा असलेली डबी घ्या.