‘अस्सल कोल्हापुरी’ लिहिताना कान कुठं ठेवला होता?

रंकाळ्याचा_वारा:
परवा आत्त्याला घेऊन सिनेमाला गेलो. नाव सांगत नाही, कारण माझं भांडण सिनेमाशी नाही, त्यावर लिहिणाऱ्यांशी आहे. नायिका कागलची दाखवलीय. गळ्यात साज, पायात कापशी चप्पल, घरात तांबडा-पांढरा, सगळं जिथल्या तिथं. आणि घरातून निघताना ही बया आईला म्हणते, ‘व्हय, मी येते गं!’ आत्त्या अंधारातच मोठ्यानं बोलली, ‘ही कुठली कागलची? कागलची पोर ‘येतो’ म्हणंल की.’ पुढच्या रांगेतल्या दोन बायका वळून हसल्या. आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल ‘येतो, आलो’ असंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी तीन परीक्षणं वाचली. दोघांनी लिहिलंय ‘अस्सल कोल्हापुरी ठसका’, तिसऱ्यानं ‘रांगडी बोली’. आत्त्याला जे पहिल्या दहा मिनिटांत ऐकू आलं, ते या तिघांना अख्ख्या सिनेमात ऐकू आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की आपली समीक्षा नुसत्या डोळ्यांनी होते. कथेवर पाच परिच्छेद, मग अभिनय, मग छायाचित्रण आणि शेवटी जागा उरली तर ‘संगीत श्रवणीय, पार्श्वसंगीत साजेसं’. हे वाक्य मी शाळेत असल्यापासून वाचतोय, कुठल्याही सिनेमाखाली चिकटवा, चालतंय. २०१६ ला ‘सैराट’ आला तेव्हा संगीत हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड झालंय हे प्रत्येकानं लिहिलं. व्हायोलिनांचा तो ताफा विहिरीच्या, उसाच्या प्रसंगात नेमकं काय करतो, हे लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. प्रसिद्धीपत्रकात होतं तेवढं उतरलं.

मालिकांचं तर विचारूच नका. रोज घराघरात लागतात, पण छापून काय येतं? कोण मालिका सोडून गेलं, कुणाचं लग्न ठरलं आणि टीआरपी.

चंदगडी_काजू:
भावा, आधी एक सांग, ‘कोल्हापुरी’ म्हणजे कुठली? आमच्या चंदगडची गोव्या-बेळगावाकडं झुकते, शिरोळची कन्नडाकडं, शाहूवाडीची आणखी तिसरीच. उद्या सिनेमात कुणी पक्कं चंदगडी बोललं तर तुझी आत्त्याच म्हणंल, ‘हे कुठलं गा पाव्हणं?’ सिनेमा हा काही बोलींचा सातबारा नव्हे. नागपूरच्या माणसाला कळायला पाहिजे, तिकीट तोही काढतो.

आणि लिहिणाऱ्याची बाजू बघ. शुक्रवारी सकाळी बघायचा, दुपारी मजकूर द्यायचा, शब्द तीनशे. आत्त्याच्या कानानं परीक्षण पाहिजे असेल तर दर तालुक्याला एक समीक्षक नेमा.

मिसळ_जादा_कट:
तिकिटाचे पैसे आत्त्याला परत द्या आणि विषय संपवा.

रंकाळ्याचा_वारा:
@चंदगडी_काजू, ‘सैराट’मधली पोरं करमाळ्याकडचं बोलतात. दिग्दर्शक स्वतः तिकडचा, त्यानं कुणासाठी भाषा पातळ केली नाही, आणि नागपूरकरांनीही तो डोक्यावर घेतला. तेव्हा ‘कळणार नाही’ हे राहू दे. बोली किती ताणायची हा दिग्दर्शकाचा प्रश्न, मान्य. पण तिला ‘अस्सल’ म्हणून शिक्का मारणारा निदान एकदा कान देऊन ऐकणार की नाही?

कॉलटाइम_सहा:
मी मालिकांत सहायक म्हणून राबतो, नाव कशाचंच घेणार नाही. तुम्ही सगळे शिव्या चुकीच्या माणसाला घालताय म्हणून लिहितो.

रोजच्या मालिकेत साधारण एका दिवसात एक भाग हातावेगळा करावा लागतो. म्हणजे बावीस-तेवीस मिनिटं, जाहिराती सोडून. संवाद लिहिणारा मुंबईत असतो. कितीतरी वेळा नटाच्या तोंडाला रंग लागत असतो आणि सीन तेव्हा फोनवर येऊन पडतो. त्यात प्रमाण मराठी वाक्याला मागं ‘व्हय’, पुढं ‘लई’ आणि मधे ‘रं’ लावलेलं असतं. आमच्यात त्याला ‘फोडणी’ म्हणतात. बोलीचा माणूस वेगळा नेमायला पैसे नसतात, आणि नेमला तरी त्याचं ऐकायला वेळ नसतो.

एकदा एक गडहिंग्लजची मुलगी होती, छोटी भूमिका. टेकमध्ये सहज बोलून गेली, ‘मी आलो, थांबा.’ सगळ्या युनिटला आवडलं. वरून निरोप आला, परत घ्या, प्रेक्षकांना वाटेल नटी चुकली. परत घेतलं. ‘मी आले, थांबा.’ दुसऱ्या टेकला तिचा आवाजच बारीक झाला होता, ते मी आजही विसरलो नाही.

शिवाय गावात शूटिंग म्हणजे मागून उसाचा ट्रॅक्टर, त्यावर स्पीकर, शेजारी मोटर चालू. जिथं डबिंगचं बजेट असतं तिथं सगळं मुंबईत बंद खोलीत परत बोलतात. गावातला हेल गावातच राहतो, खोलीत नुसते शब्द पोचतात. हे तुमच्या समीक्षकाला कुठून दिसणार?

रंकाळ्याचा_वारा:
दिसणार नाही, ऐकू येईल. ओठ उन्हात आणि आवाज एसीत, हे न शिकलेल्या माणसालाही कळतं दादा. तुमची अडचण खरी आहे, पण ती कुणी लिहीत नाही म्हणूनच वरून तसले निरोप येत राहतात.

मिरजेचा_तानपुरा:
मुलांनो, संगीताचा मुद्दा सगळ्यांनी सोडून दिला, म्हणून बोलतो. मला तो पटलेला नाही. पार्श्वसंगीत चांगलं असेल तर ते लक्षात येत नाही. मग ‘साजेसं’ एवढा एकच शब्द लिहिणारा बिचारा प्रामाणिक म्हणायचा! आमच्या वेळी समीक्षक रागांची नावं, श्रुती, बंदिशीची लय असं पानभर लिहीत, आणि ज्यांना ते कळे ते मैफलीला आधीच जाऊन आलेले असत. बाकीचे पान उलटत. कोल्हापुरात देवल क्लबला, म्हणजे तिथल्या जुन्या संगीतसंस्थेच्या मैफलीत, मी ऐकलेली खरी समीक्षा मध्यंतरात चहाच्या कपाशी व्हायची. कुणाला ‘वा’ मिळाली नाही, यावरून गवई काय ते समजायचा.

आणि कानाचाच अभिमान असेल तर १९३२ सालचं आठवा. ‘प्रभात’ फिल्म कंपनी तेव्हा पुण्याला गेली नव्हती, इथं कोल्हापुरातच होती. ‘अयोध्येचा राजा’ला गोविंदराव टेंब्यांनी संगीत दिलं आणि हरिश्चंद्रही तेच झाले. पार्श्वगायन नव्हतंच, कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचं. गळा आणि चेहरा एकाच माणसाचा. असं ऐकलेल्या गावाला ‘साजेसं’ पुरत नाही, हे तुझं दुःख मी समजू शकतो. पण ते तीनशे शब्दांत भरून निघणार नाही.

शेंगदाण्याची_चटणी:
काका, नमस्कार करून विरोध करते. ‘द डिसायपल’ हा शास्त्रीय गायकावरचा मराठी सिनेमा २०२० चा. व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं. त्याच्यावर माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांचं मत एकच, ‘संथ आहे’. अहो, नायक बेसूर गात नाही, पण पुरेसं चांगलंही गात नाही, हाच तर सिनेमा! ती भूमिका आदित्य मोडक या शिकलेल्या गायकाला दिली ती याचसाठी. चांगलं गाणाऱ्यानं थोडं कमी गाऊन दाखवायचं, किती अवघड. ते अंतर ज्याला ऐकू आलं नाही त्याला सिनेमा संथच वाटणार. इथं समीक्षकानं वाचकाचा हात धरून ‘हे ऐका’ म्हणायला नको का? रागाचं नाव नका घेऊ, तान कुठं अडखळते ते सांगा.

मिरजेचा_तानपुरा:
हे मान्य. हा एक अपवाद मान्य.

निपाणीची_लेक:
मी घरात ‘आलो’ म्हणतो, ऑफिसात ‘आले’. पुण्यात पहिल्या आठवड्यात चुकून ‘मी डबा खाल्लो’ म्हणाले तर पूर्ण टेबल हसलं, एकीनं महिनाभर मला ‘अहो साहेब’ म्हणून हाक मारली. तेव्हापासून जीभ आवरायला शिकले.

म्हणून माझं मत तुमच्या सगळ्यांच्या उलट आहे. नकोच दाखवू दे ते ‘आलो-गेलो’. आज दाखवलं तर उद्या ते विनोदी मोलकरणीच्या तोंडी जाणार, नायिकेच्या नाही. ‘चालतंय की’चं काय झालं बघितलं ना? ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका कोल्हापूरची, पैलवानाची, त्याच्या तोंडी हेच. त्याआधी ते आमचं साधं होकाराचं बोलणं होतं. आता मी म्हणाले की समोरचा मालिकेतला आवाज काढून दाखवतो.

चंदगडी_काजू:
ताई, हे मात्र खरं लिहिलंत.

रंकाळ्याचा_वारा:
यावर माझ्याकडं उत्तर नाही. मी पुरुष, मला ‘आलो’ म्हणताना कधी कुणी हसलं नाही, त्यामुळं हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग ती गडहिंग्लजची मुलगी? तिला नको होतं असं तर नव्हतं.

निपाणीची_लेक:
तिला विचारलं कुणी?

कॉलटाइम_सहा:
नाही. मीपण नाही.

मिसळ_जादा_कट:
गंभीर झाला की धागा. आत्त्यांचं काय ते सांगा. एवढा कान तिखट आहे तर मालिका बघतात का नाही?

रंकाळ्याचा_वारा:
रोज. जेवणाआधी लावती, आवाज मोठा करती, आणि प्रत्येक वाक्य दुरुस्त करून परत म्हणती. आम्हाला मालिका दोनदा ऐकू येते.