दिवा लागत नाही, तरी थांबता थांबता एबीएस थरथरतं

जुनीच_बरी:
गाडी १६ वर्षांची, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम. महिनाभर एक खोड लागलीय. सिग्नलला हलका ब्रेक दाबत थांबायला जावं, वेग दहाच्या खाली आला की पेडल पायाखाली गुरगुरायला लागतं, बॉनेटमधून कुर्र कुर्र आवाज येतो आणि गाडी दोन हात पुढे सरकूनच थांबते. रस्ता कोरडा ठणठणीत असतानाही. परवा पुढच्या गाडीच्या बंपरपासून वीतभरावर थांबले. वडील शेजारी होते, ते फक्त "हं" म्हणाले.

गंमत म्हणजे ६०-७० वरून कचकन दाबलं तर काही होत नाही, सरळ थांबते. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा चावी फिरवली की लागतो, तीन-चार सेकंदांत विझतो, मग दिवसभर लागत नाही.

पॅड बदलून झाले, ब्रेक ऑइल बदलून झालं. फरक शून्य. गॅरेजमध्ये गाडीत नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. "कोड काही नाही" म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात "एबीएसचं युनिट गेलंय, पूर्ण बदलावं लागेल." कोड नाही तर युनिट गेलं हे कळलं कशावरून, विचारलं तर "अनुभव". आता अनुभवापुढे काय बोलणार!

माझ्याकडे मीटर आहे, जॅक आहे, उचललेली गाडी टेकवायच्या दोन घोड्या आहेत आणि रविवार मोकळा आहे. सुरुवात कुठून करू?

पाचवा_गिअर:
दादा, आधी बॅटरी बघा. व्होल्टेज पडलं की एबीएसचा दिवा लागतो. माझ्या गाडीत हेच निघालं होतं.

जुनीच_बरी:
दिवा लागत नाही, हाच तर प्रश्न आहे. आणि दादा नाही, ताई. बॅटरी तरी बघितली, इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट येतात.

ग्रीसचे_हात:
ताई, युनिटला एवढ्यात हात लावू नका. तुम्ही सांगताय ती लक्षणं चाकाजवळच्या, त्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची आहेत.

आधी खात्री करून घ्या. रिकाम्या जागी जाऊन एबीएसचा फ्यूज काढा. दिवा लागेल, लागू दे. साधे ब्रेक त्याच्याशिवायही चालतात. हळू वेगात चार-पाच वेळा थांबून बघा. गुरगुर गेली तर डिस्क-पॅडचा दोष नाही, भानगड एबीएसचीच. मात्र बऱ्याच गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटायचं कामही हेच युनिट करतं. त्यामुळे ब्रेकचा लाल दिवाही लागू शकतो, आणि तेवढ्या वेळात जोरात ब्रेक मारायचा नाही, मागची चाकं आधी जाम होतात. चाचणी संपली की फ्यूज जागेवर.

आता दिवा का लागत नाही ते. जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तार. समोरून दातेरी रिंग फिरते आणि तारेत वीज तयार होते. चाक जोरात तर वीज जास्त, चाक हळू तर कमी. सेन्सर आणि दात यांच्यात साधारण एक मिलिमीटरची फट असते. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगला की सेन्सर वर उचलला जातो, फट वाढते, सिग्नल मरतो. जोरात असताना तरीही पुरेसा मिळतो. वेग दहाच्या खाली आला की ते एकच चाक बाकीच्या तिघांच्या आधी "गप्प" होतं. युनिटला वाटतं चाक जाम झालं, म्हणून ते त्या चाकाचा ब्रेक सोडतं. तुम्हाला पायाखाली लागतं ते हेच. तार कुठे तुटलेली नाही, म्हणून युनिटच्या लेखी सगळं आलबेल. कोड कुठून येणार?

फ्यूजची चाचणी खरी ठरली तर सेन्सरचा प्लग काढून दोन पिनांमध्ये ओहम (तारेचा रोध) मोजा. हजाराच्या आसपास आले तर जुन्या पद्धतीचा. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरा या हिशोबाने फिरवा. चारही चाकं. आकडा किती यापेक्षा डावं-उजवं जुळतंय का ते महत्त्वाचं. नव्या पद्धतीचा सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही, तसं निघालं तर इथे लिहा, वेगळं सांगतो.

जुनीच_बरी:
रविवार कारणी लागला. फ्यूज काढल्यावर गुरगुर बंद. गेल्या महिनाभरात पहिल्यांदा गाडी गुपचूप थांबली.

ओहम: पुढचं डावं १०८०, पुढचं उजवं १११०. हे बघून वाटलं, झालं, सेन्सर चांगलेच आहेत. मग एसी व्होल्ट घेतले. डावं ०.४२. उजवं ०.१५ च्या आसपास, आणि तेही मध्येच पडून परत वर येतं. मागची दोन्ही एकमेकांशी जुळली.

उजवं चाक काढलं. रिंग ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटवर आहे. जुन्या टूथब्रशने घासली, टॉर्च मारला, वरवर बघून काही दिसेना. शेवटी डोळे मिटले आणि शाफ्ट हळूहळू फिरवत दातांच्या कडेवरून नख फिरवलं. एका जागी नख अडकलं. पुसून पुन्हा बघितलं तर दोन दातांच्या मधोमध केसाएवढी आडवी भेग. भेगेतून तपकिरी भुकटी गळत होती. फोटो काढला, पण फोटोत नुसता गंजच दिसतो, म्हणून टाकत नाही.

सेन्सरही काढला. सहज निघाला नाही. गंजाचा स्प्रे मारून तासभर ठेवला, मग थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे असं करत निघाला. टोकाला लोखंडाच्या चुऱ्याची दाढी.

पाचवा_गिअर:
ताई, सॉरी हं मघाशी. भेग असेल तर वेल्डिंगचा एक ठिपका मारून घ्या ना, नवीन रिंग कशाला?

ग्रीसचे_हात:
अजिबात नको. रिंग फाटली ती खालच्या गंजाने ताणली म्हणून. म्हणजे त्या जागी दोन दातांमधलं अंतर वाढलंय, दर फेऱ्याला तिथे सिग्नल ठेचकाळतो. तुमचा आकडा मध्येच पडतो तो त्यामुळेच. वेल्डिंगने भेग बुजेल, वाढलेलं अंतर तसंच राहील. वर बाजूच्या रबरी बूटला (जॉइंटवरच्या आवरणाला) धग लागेल ती वेगळी.

नवी रिंग आणताना जुनीचे दात मोजून जा. एका दाताचा फरक पडला तरी ते चाक कायम वेगळ्या वेगाने फिरतंय असं युनिटला वाटेल. रिंग शाफ्टपासून लांब गरम करून मग बसवतात, गार होताना ती आवळली जाते. मात्र त्याआधी शाफ्टवरचा गंज धातू चमकेपर्यंत काढा. इथे आळस केलात तर नवी रिंगही याच वाटेने जाईल. सेन्सरची बैठकही पॉलिश पेपरने साफ करा, टोकाची दाढी फडक्याने पुसा. टोकाला कानस लावू नका.

ओहम बरोबर म्हणजे सेन्सर बरोबर, हे मलाही सुरुवातीला वाटायचं. दोन चांगले सेन्सर फेकून झाल्यावर शहाणपण आलं.

जुनीच_बरी:
दोन आठवड्यांनी लिहितेय. पहिल्या दातावर पांढऱ्या मार्करने खूण करून मोजले: ४४. दुकानदाराने "हीच लागते" म्हणून दिलेली रिंग काउंटरवरच मोजली, ४३ निघाले. त्याने स्वतः दोनदा मोजून बघितले, मग आतून दुसरी आणली.

शाफ्ट घासायलाच अडीच तास गेले. रिंग बसवायला दोन मिनिटंही नाही. आता उजवं ०.४० देतं, डावं ०.४२. पडत नाही. फ्यूज जागेवर आहे आणि सिग्नलला पेडल शांत.

ग्रीसचे_हात:
छान. डाव्या बाजूची रिंगही नख फिरवून बघून ठेवा. वय तिचंही तेवढंच आहे.

जुनीच_बरी:
बघितली. गंज आहे, भेग नाही. अजून तरी.