मुलांना पूर्ण भूलच का?
पार्किन्सनच्या रुग्णाला जागं ठेवून मेंदूत इलेक्ट्रोड (सौम्य वीज देऊन आजाराची लक्षणं आटोक्यात ठेवणाऱ्या बारीक तारा) बसवतात, मग डिस्टोनियाच्या (स्नायू आपोआप आखडून अंग पिळवटणारा आजार) मुलाला पूर्ण भूल कशाला, असं एकाने विचारलंय. अहो, डोक्याला फ्रेम आवळलेली, हातपाय पिळवटतायत, अशात 9 वर्षांचं पोर तासन्‌तास निपचित पडेल का? भूल चढली की ती पिळवट थांबते. खरी अडचण वेगळीच. प्रोपोफॉल किंवा सेव्होफ्लुरेन ही भुलीची औषधं जास्त झाली की ग्लोबस पॅलिडसमधल्या (मेंदूतला खोल भाग, इलेक्ट्रोड इथेच बसवायचा असतो) पेशींचे सिग्नल मंदावतात, आणि नेमकी जागा तर बऱ्याचदा त्यांवरूनच पडताळायची असते. म्हणून डोस बेताचा, जोडीला डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध. काही ठिकाणी सरळ एमआरआयवरच भिस्त. आणि हो, सकाळी उपाशी ठेवलंय म्हणून बॅक्लोफेनची (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी) गोळी परस्पर चुकवू नका, भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. ती अचानक बंद झाली तर ताठरपणा उलट बळावतो.