स्वतः मारवत नाही त्याने मटण खाऊ नये म्हणे!

दोडका
'रानवाट' यांचा परवाचा लेख वाचला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरमध्ये एक हरीण मारलं, मागच्या अंगणात भाजी पिकवली, आता वर्षभर मटणाला आणि भाजीला दुकानात जावं लागत नाही, असा एकूण मजकूर. इथवर ठीक. पण शेवटी टोला आहे: "ज्याला स्वतःच्या हाताने जनावर मारवत नाही, त्याला मटण खायचा अधिकार नाही." तिथे माझं डोकं सटकलं.

मी मॅडिसनजवळ चौदा वर्षं राहते. मटण खाते, मारत नाही. माझ्या आजीने पन्नास वर्षं खाटकाकडून अर्धा किलो आणून सहा माणसांना पुरवलं, कोंबडीची मान कधी पिरगाळली नाही. तिचा अधिकार काढणारे तुम्ही कोण? मी लुगडंही विणत नाही.

आता हिशेब. शिकारीचं लायसन २४ डॉलर, एवढंच लेखात आहे. रायफल, दुर्बीण, बूट, डीप फ्रीझर कुणी आहेर केले का? नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण तीन सीझन हात हलवत परत आला. त्याला मटण काय भावाने पडलं?

आणि भाजी! इथे मेच्या मध्यापर्यंत फ्रॉस्ट, ऑक्टोबरात पुन्हा हजर. एकदम तीस दुधी आले म्हणजे आपण स्वयंपूर्ण होत नाही, शेजारी आपल्याला बघून दार लावून घेतात.

रानवाट
काकू, लेख नीट वाचला असतात तर बरं झालं असतं. पैसे वाचवायला शिकार करतो असं मी कुठे लिहिलंय? पंचवीसेक किलो बिनहाडाचं मटण मिळालं, एवढंच लिहिलं.

पहिल्या वर्षीची गोष्ट सांगतो. पहाटे साडेपाच, उणे नऊ, मचाणावर बसून पायाची बोटं बधिर झाली होती. सव्वासातला मादी आली. बार बसला, तरी ती ऐंशी पावलं पळाली. बर्फावरचा रक्ताचा माग काढत गेलो तेव्हा हात इतके थरथरत होते की चाकू म्यानातून निघेना. पोट फाडल्यावर वाफ आली अंगावर. त्या रात्री जेवलो नाही. तेव्हापासून ताटात मटण टाकून उठत नाही. 'अधिकार' हा शब्द याच्यातून आलाय.

दोडका
काकू कोण? वय विचारलंत का?

सात्त्विक_संताप
दोघांचीही कमाल आहे. एक मारून खातो, एक मारवून खाते, भांडण कशावर, तर जास्त सज्जन कोण! मूग भिजवा, मोड आणा, खा.

रानवाट
मूगवाले शेतकरी हरणांचं काय करतात ते एकदा विचारून या. या एका राज्यात पंधरा लाखांहून जास्त हरणं आहेत. लांडगे माणसाने संपवले, परत आलेत ते थोडे आणि बहुतेक उत्तरेकडेच. गाडीला धडकून, उपाशी किंवा गोळीने, काहीतरी एक होणारच. १९०० च्या सुमारास अख्ख्या देशात जेमतेम पाच लाख उरली होती, कारण मटण बाजारात विकलं जायचं. ती विक्री बंद झाली, शिकारीला सीझन लागले, म्हणून आज तीन कोटींच्या घरात आहेत. बंदुका आणि काडतुसांवर कर आहे, लांब बंदुकीवर ११ टक्के. १९३७ च्या कायद्यापासून तो पैसा रानाकडेच जातो. मूग खाऊन किती गेला?

खारेपाटणवाला
अमेरिकेतल्या लोकांचं बरं आहे. २४ डॉलर भरले की मारा. आमच्याकडे परसात चार भेंड्या लावल्या तर लाल तोंडाची माकडं येतात, ती गेली की वानर येतात, रात्री सुरण उकरायला डुक्कर. नारळ शहाळं होण्याआधीच खाली. मागल्या साली पंचनाम्याला माणूस आला तेव्हा शेतात दाखवायला काही शिल्लकच नव्हतं. मला विचारतो, "नुकसान कुठाय?"

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. हाकारा व्हायचा, वाटे घातले जायचे. हाकाऱ्याला गेलेल्या पोरालाही वाटा, आणि ज्या घरी पुरुष नाही त्या घरी आधी. १९७२ चा कायदा आला आणि ते संपलं.

सात्त्विक_संताप
'संपलं' म्हणे. खरंच?

खारेपाटणवाला
तुम्ही पोलीस आहात का?

दोडका
वाट्यांचं आवडलं. पण रानवाट, लेखात तुम्ही एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलीत. सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. विस्कॉन्सिनात २००२ मध्ये सापडला, तोही मॅडिसनच्या पश्चिमेला, म्हणजे माझ्या अंगणाच्या वाटेवर. हरणाचा मेंदू पोखरणारा रोग आहे आणि त्याचा प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारं बिघडलेलं प्रथिन, शिजवून मरत नाही. कुकरच्या चार काढा नाहीतर चाळीस. मातीतही वर्षानुवर्षं टिकतो. तुमचं हरीण तपासलं होतंत का?

रानवाट
तपासतो. मुंडकं नमुन्यासाठी देतो आणि निकाल येईपर्यंत मटणाला हात लावत नाही. माणसाला झाल्याची एकही सिद्ध केस नाही, तरी बाधित जनावर खाऊ नका असंच सांगतात. लेखात लिहायला हवं होतं. राहिलं.

दोडका
'राहिलं' हा शब्द स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

हडसनकाठ
शिशाची गोळी वापरत असाल तर तेही लिहा. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेला हरणाचा खीमा शिशाच्या कणांमुळे फेकायला लावला होता. आमच्याकडे न्यू जर्सीत एक मित्र तांब्याचीच वापरतो.

अवांतर: दोडका, तुमच्या मागच्या एका फोटोत पुरुषभर उंच कढीपत्ता दिसला होता. विस्कॉन्सिनात?? माझा दर जानेवारीत काठी होतो. काय घालता?

दोडका
आंबट ताक, पंधरा दिवसांनी एकदा. सप्टेंबरअखेर कुंडी आत, दक्षिणेच्या खिडकीत. पाणी अगदी कमी. पानं गळली तरी घाबरायचं नाही. बहीण फ्लोरिडात असते, तिच्याकडून गाडीत घालून वीतभर रोप आणलं होतं.

रानवाट
थांबा थांबा. फ्लोरिडातून? कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे. तिथे २००५ पासून सिट्रस ग्रीनिंग हा लिंबू-संत्र्याची झाडं मारणारा रोग आहे, असली रोपं अशी गाडीत घालून राज्याबाहेर न्यायला बंदी आहे. मी लायसन काढून, कोर्स करून, नारिंगी जाकीट घालून, मुंडकं तपासून हरीण मारतो. आणि मला शिकवतंय कोण, तर कढीपत्त्याची तस्कर!

दोडका
एक रोप होतं हो.

संत्रानगरी
एकच रोप होतं म्हणू नका ताई. आमच्या काटोलकडे तोच रोग पसरवणारी सायला काय करते ते येऊन बघा. एवढीशी किडी, कोवळ्या पालवीवर बसते, मागाहून झाड पिवळं पडत जाते. बाबांनी बावीस झाडं उपटली, मुळासकट जाळली. त्या दिवशी घरी चूल पेटली नाही. हरीण मेलेलं दिसते तरी.

हडसनकाठ
ताकाचं खरंच चालतं का? बायको म्हणते घरात वास येतो.

सात्त्विक_संताप
ताकाने काही होत नाही. नत्र हवं. मी शेंगदाण्याची पेंड भिजवून घालतो.

खारेपाटणवाला
आमच्या परसात कढीपत्ता आपोआप येतो. ताक आम्ही पितो.

दोडका
संत्रानगरी, तुमचं वाचून गप्प झाले. रोप तेरा वर्षं घरातच आहे, फांदी कुणाला दिलेली नाही, यापुढेही देणार नाही. चूक ती चूक.

रानवाट, तुम्हाला मात्र एवढंच: माझा श्रावणघेवडा यंदाही गेला. आधी सशावर संशय होता. पण ससा देठ चाकूने कापल्यासारखं तिरकं तोडतो, आणि हे फाटलेलं होतं. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं. सात फुटी जाळी होती, तरी आत आलं. सकाळी चहाचा कप घेऊन त्या फाटक्या देठांपुढे उभी असताना तुमच्याबद्दल क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच. आजीच्या अधिकाराबद्दल माफी मागा.

रानवाट
जाळी आठ फुटी करा. आजींची माफी मागतो. तुमची नाही. शिकारीचं मटण विकता येत नाही, पण भेट देता येतं, तेव्हा दोन किलो खीमा हवा असेल तर सांगा. चरबी पूर्ण काढलेली आहे, ती मेणासारखी टाळूला चिकटते. वरची चंदेरी कातडीही सोलली आहे.

दोडका
तपासणीचा निकाल सोबत पाठवा.

हडसनकाठ
पेंड किती दिवस भिजवायची? आणि पानांखाली तपकिरी टिपके आहेत, नखाने निघतात. खवले कीड का?