धान्याऐवजी मिळणारे १७० रुपये: हक्क कोणता आणि सवलत कोणती?

प्रश्न : मांजराकाठ (डिसेंबर २०२५)

आमचे कुटुंब धाराशिव जिल्ह्यात कोरडवाहू शेती करते. शिधापत्रिका केसरी असून तिच्यावर आई, मी, पत्नी, दोन मुले आणि विधवा बहीण अशी सहा नावे आहेत. २०१५ पासून ‘एपीएल (दारिद्र्यरेषेवरील) शेतकरी’ म्हणून आम्हाला रास्त भाव दुकानातून गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने, माणशी पाच किलो मिळत असे. २०२३ मध्ये ते धान्य बंद झाले आणि त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये, पुढे जून २०२४ च्या निर्णयानुसार १७० रुपये, आईच्या खात्यावर जमा होऊ लागले. ही रक्कम येते, पण दरमहा येत नाही. कधी चार-पाच महिन्यांची एकत्र येते, आणि तोवर पीठ मात्र रोज लागते. आईला बँकेत जायचे म्हणजे अकरा किलोमीटरचा प्रवास आहे, आणि तिचा अंगठा यंत्रावर उमटत नाही.

आता घरात आणखी दोन अडचणी उभ्या राहिल्या आहेत. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीमध्ये (आधारद्वारे होणाऱ्या ओळख पडताळणीत) पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक मागितला जातो. माझ्या बहिणीचे पती २०१९ मध्ये वारले आणि वडील त्याच्याही आधी गेले, तेव्हा तिने कोणाचा क्रमांक भरावा? पत्नीच्या नावावर थोडी जमीन आहे आणि तिला या योजनेचे १,५०० रुपयांऐवजी केवळ ५०० रुपये मिळतात; ही चूक आहे की नियम? आणि मुख्य प्रश्न असा की, आम्हाला रोख रक्कम नको असून धान्यच हवे आहे, असा अर्ज करता येतो का? जाणकारांनी नियमांसह सांगितले तर उपकार होतील.

उत्तर : निवृत्त पुरवठा निरीक्षक

रोख नाकारून धान्य मागण्याची तरतूद आपल्या योजनेत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे त्यासाठी तहसीलच्या फेऱ्या मारण्यात आपले दिवस जाणार नाहीत. त्याचे कारण मात्र नीट समजून घ्यावे, कारण पुढे काय करायचे ते त्यावरच ठरते.

शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेले १४ जिल्हे, म्हणजे मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा, येथील केसरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्य देण्याचा निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला. हे धान्य राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ याखालील नव्हते; राज्य ते केंद्राकडून वेगळ्या दराने विकत घेऊन स्वतःच्या खर्चाने स्वस्त करत होते. २०२२ मध्ये केंद्राकडून या योजनेसाठी धान्य मिळणे थांबले, आणि २८ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने धान्याच्या जागी रोख रक्कम आली. जे शासन निर्णयाने दिले ते शासन निर्णयानेच बदलता आले. पाच किलोंसाठी १७० रुपये म्हणजे किलोमागे ३४ रुपये झाले. ही रक्कम बाजारभावाशी बांधलेली नसल्यामुळे भाव वाढला तरी ती आपोआप वाढणार नाही. १५० चे १७० होण्यासाठीसुद्धा नवा निर्णय काढावा लागला.

कायद्याखालील लाभार्थ्यांची स्थिती वेगळी आहे. अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य हे प्रमाण कायद्यातच लिहिलेले आहे, त्यामुळे कोणताही विभाग परिपत्रक काढून ते कमी करू शकत नाही. धान्य दिले गेले नाही तर कलम ८ नुसार अन्न सुरक्षा भत्ता देय होतो आणि कलम १५ नुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्यातही एक बारकावा आहे. धान्याचे प्रमाण कायद्याने ठरलेले आहे, पण ते मोफत असणे हा केंद्राचा निर्णय आहे, जो १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. मूळ कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर होते.

याउलट ‘आनंदाचा शिधा’ पाहा. २०२२ च्या दिवाळीला रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा संच १०० रुपयांत सुरू झाला, सणांना मिळत राहिला आणि यंदा तो आला नाही. त्याविरुद्ध कुठे दाद मागायची, असे मला अनेकांनी विचारले आणि प्रत्येकाला मला नाहीच सांगावे लागले. मी तीस वर्षे या खात्यात काढली आहेत आणि माणसाला हक्क व सवलत यांतला फरक लाभ बंद झाल्यावरच कळावा, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून माझा सल्ला असा की, धान्य परत मिळवण्याचा आपला मार्ग एपीएल योजनेतून नव्हे, तर प्राधान्य कुटुंबात समावेश होण्यातून जातो. त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये आहे (शहरी भागात ती ५९,००० आहे). सहा माणसांच्या घरासाठी ही मर्यादा अत्यंत तोकडी आहे, हे मी पदावर असतानाही बोलत असे. आपले उत्पन्न तिच्यात बसत असेल तर उत्पन्नाचा दाखला जोडून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच अवश्य घ्या. ‘इष्टांक (लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या) संपला आहे’ असे उत्तर मिळण्याची शक्यता आहे, कारण राज्याला सुमारे सात कोटी लाभार्थ्यांचीच मर्यादा आहे. परंतु मृत, दुबार आणि ई-केवायसी न झालेली नावे सध्या वगळली जात असल्यामुळे तालुक्याच्या इष्टांकात जागा रिकाम्या होत आहेत, आणि त्या जागी नाव लागायचे असेल तर आपला अर्ज आधीपासून दाखल असावा लागतो.

उत्तर : अंगणवाडीताई

आपल्या बहिणीच्या ई-केवायसीबद्दल लिहिते, कारण गेले दोन महिने माझ्या गावात मी हेच काम करत आहे. १८ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात पती किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी आली. ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्यांची अडचण सुरुवातीला कोणी लक्षातच घेतली नव्हती. माझ्याकडे अशा बायका रडत आल्या आहेत. नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली तेव्हा यावर मार्ग दिला गेला. अशा महिलेने स्वतःच्या आधारची पडताळणी पूर्ण करायची आणि पतीच्या किंवा वडिलांच्या मृत्यू प्रमाणपत्राची सत्यप्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे द्यायची. घटस्फोट झाला असेल तर त्याचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश चालतो. प्रत देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी, आणि शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

पत्नीचे ५०० रुपये ही चूक नाही. पीएम किसान आणि नमो शेतकरी या दोन्ही योजनांचे मिळून त्यांना वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,००० मिळत असतील. इतर शासकीय योजनेतून १,५०० पेक्षा कमी लाभ असल्यास फक्त फरकाची रक्कम द्यायची, असा नियम आहे.

एक गोष्ट आणखी सांगावीशी वाटते. बहिणीच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला २१,००० रुपयांच्या आत असेल तर ती संजय गांधी निराधार अनुदान योजनेलाही पात्र ठरू शकते. ती योजना १९८० पासून सुरू आहे आणि तिचेही दरमहा १,५०० रुपयेच मिळतात. दोन्ही लाभ एकत्र मिळत नाहीत. लाडक्या बहिणीला कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते आणि निराधार विधवेला २१,००० च्या वर एक रुपया चालत नाही. रक्कम मात्र दोघींची सारखीच आहे. दिव्यांगांचे अनुदान यंदा ऑक्टोबरपासून २,५०० झाले, तसे विधवांचेही व्हायला हवे होते.

उत्तर : हिशेबवही

मी थोडे वेगळे मत मांडतो. रोख रक्कम मुळातच वाईट, असा सूर येथे लागू नये. धान्य मिळत होते तेव्हा दुकान महिन्यातून मोजकेच दिवस उघडे असणे, मापात घट येणे आणि पावती न मिळणे या तक्रारी आपण सर्वांनीच केल्या आहेत. खात्यावर आलेल्या पैशांतून ज्वारी घ्यायची की डाळ, हे घरातली बाई ठरवू शकते. चंडीगड व पुदुच्चेरी येथे २०१५ पासून धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचा प्रयोग झाला आहे, त्यामुळे ही कल्पना केवळ आपल्या जिल्ह्यांपुरती नाही. माझा आक्षेप रकमेच्या अनियमिततेला आहे. धान्य एक महिना चुकले तर सारे गाव दुकानासमोर उभे राहते. पैसे चुकले तर प्रत्येक जण आपापले पासबुक घेऊन एकटाच बँकेत जातो, आणि तहसील बँकेकडे तर बँक तहसीलकडे बोट दाखवते.

उत्तर : निवृत्त पुरवठा निरीक्षक

हिशेबवही यांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. रक्कम अडकली असेल तर बँकेत प्रथम एवढेच विचारावे की, आईंचा आधार क्रमांक थेट लाभ हस्तांतरणासाठी कोणत्या खात्याशी जोडलेला आहे. पुष्कळदा नवे खाते उघडताना जोडणी नकळत त्या खात्याकडे सरकते आणि पैसे तिकडे जमा होत राहतात.

धान्याच्या ई-केवायसीबद्दलही सावध करतो. जुलै २०२५ मध्ये केंद्राने सार्वजनिक वितरणाच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली असून दर पाच वर्षांनी ई-केवायसी करणे आणि सहा महिने धान्य न उचललेली शिधापत्रिका तात्पुरती बंद करून तिची पडताळणी करणे अशा तरतुदी त्यात आहेत. प्राधान्य यादीत नाव लागल्यावर कामासाठी बाहेरगावी गेलेल्या सदस्याला गावी परत येण्याची गरज नाही. तो जेथे असेल तेथील रास्त भाव दुकानात ई-केवायसी करू शकतो. आईंचा अंगठा उमटत नसेल तर चेहरा पडताळणीची सोय असलेल्या ‘मेरा ई-केवायसी’ ॲपचा उपयोग होईल.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज बँकेत विचारले. आईचा आधार २०२१ मध्ये बचत गटासाठी उघडलेल्या दुसऱ्या खात्याशी जोडलेला निघाला आणि जुलैपासूनची रक्कम तेथे जमा आहे. बहिणीची स्वतःची पडताळणी दुपारी पूर्ण झाली. पतीच्या मृत्यू प्रमाणपत्राची सत्यप्रत घेऊन आम्ही सोमवारी जिल्ह्याच्या कार्यालयात जात आहोत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांकडे अर्ज दिला आहे. गेल्या वर्षी सोयाबीनचे जे झाले त्यानंतर ४४,००० ची मर्यादा ओलांडण्याइतके उत्पन्न आमच्या घरात आलेलेच नाही, त्यामुळे दाखला मिळताच प्राधान्य यादीचा अर्ज पुरवठा शाखेत देऊन पोच घेईन.